अकरा रविवारांची करंगळी

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांना सगळे रेघाताई म्हणायचे. नवीन आलेल्या कारकुनाला वाटायचं, खरं नाव रेखा असेल आणि हाक मारणाऱ्याची जीभ जड असेल. पण तसं नव्हतं. एकतीस वर्षं त्या नकाशाच्या टेबलावर वाकून रेघा मारत होत्या. शहराच्या पोटातून जाणारा प्रत्येक नळ, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक वळण त्यांच्या हाताखालून गेलं होतं. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारलं, "ताई, आठवण म्हणून काय देऊ?" तेव्हा त्या म्हणाल्या, "जाड कागदाची वही द्या. रेघा नसलेली."

सगळे हसले. पण वही मिळाली.

पहिल्याच सोमवारी नवरा डेपोत गेल्यावर रेघाताई स्वयंपाकघरात वही उघडून बसल्या. नवरा बस चालवायचा, त्याची अजून दोन वर्षं बाकी होती. समोर चहाची किटली होती, ती काढायला घेतली. तासाभराने नणंद मागून डोकावली. नणंद त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, एकटी, आणि वीस वर्षं त्यांच्याचकडे राहणारी.

"ही किटली आहे की पाण्याची टाकी?"

"किटली आहे, वन्सं."

"मग हिला शिडी कशाला लावलीस?"

"ती मूठ आहे."

संध्याकाळी नवऱ्याने चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "छान आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "किती हजार लिटरची?"

रेघाताईही हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलं: रोज एक. आजारपण सोडून सुट्टी नाही. शहराचं पोट त्यांना पाठ होतं, तोंड मात्र त्यांनी कधी निवांत पाहिलं नव्हतं. ते पाहायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की त्यांचं मन वळवायला कुणी फारसं जात नसे.

दुसऱ्या दिवसापासून त्या घडीचं स्टूल काखेत मारून बाहेर पडू लागल्या. कालवा, लाकडाची वखार, टेकडी, डेपोची मागची भिंत. हात मात्र ऑफिसातलाच होता. झाड काढायचं तर आधी खोडाचा मध्य शोधायचा आणि दोन्ही अंगांना मोजून सारख्या फांद्या लावायच्या, ही सवय जाता जाईना. चित्र बिघडलं की त्या कागदाला दोष द्यायच्या, नाहीतर वाऱ्याला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," नणंद भाजी चिरता चिरता म्हणायची.

रेघाताई पुढचं पान उघडायच्या. चौथ्या महिन्यात त्यांनी कालव्याचं एक रंगीत चित्र घरी आणलं. नणंदेने ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पाणी गार वाटतंय." त्या दिवशी रेघाताईंनी चहा दोनदा केला.

अडचण माणसांची होती. भिंत थांबते, झाड थांबतं, माणूस थांबत नाही. बसस्टॉपवर एखाद्या बाईचं डोकं काढून होतंय तोवर बस यायची आणि बाई उरलेलं अंग घेऊन निघून जायची. वहीत बिनधडाची डोकी आणि बिनडोक्याची धडं यांचा ढीग साचला. नवऱ्याने पानं उलटून पाहिली. "केवढा मोठा अपघात झालाय गं," तो म्हणाला. "पंचनामा झाला का?"

तेव्हा रेघाताईंनी विचार केला, हलणारी पण निघून न जाणारी माणसं हवीत. ती कुठे मिळतील?

ती मिळाली छापखान्याच्या वर. एका रविवारी सकाळी त्या छापखान्यावरून चालल्या होत्या. यंत्रं बंद होती आणि वरच्या खिडकीतून व्हायोलिन ऐकू येत होतं. त्या लोखंडी जिना चढून वर गेल्या. कागदाच्या रिमा रचलेल्या एका लांब खोलीत तिघंजण वाजवत होती. व्हायोलिनवर सत्तरीचे एक सडपातळ गृहस्थ होते, शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. क्लॅरिनेट वाजवणारा पोस्टमन होता. आणि ड्रमपाशी सरकारी दवाखान्यातली एक नर्स होती, हसरी आणि दांडगट. तिला दोघेही सिस्टर म्हणत.

रेघाताईंनी चित्रं काढायची परवानगी मागितली. सिस्टर म्हणाली, "बसा की, त्यात काय." मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा. पण मध्ये बोलायचं नाही."

त्या बोलल्या नाहीत. पण पाच मिनिटांत मास्तरांनी व्हायोलिनवरचा गज थांबवला.

"खोलीत कोण खाजवतंय?"

पोस्टमनने दोन्ही हात वर केले. रेघाताईंनी ओशाळून पेन्सिल दाखवली.

"बेसूर आहे ती," मास्तर म्हणाले. "एक तर तिला सुरात लावा, नाहीतर खाली जा."

रेघाताई खाली गेल्या. पुढच्या रविवारी त्या पुन्हा वर आल्या, पेन्सिल घरी ठेवून. बरोबर पातळ शाई होती आणि मऊ केसांचा एक ब्रश. ब्रशला आवाज नव्हता. मास्तरांनी दहा मिनिटं कान टवकारून वाट पाहिली आणि शेवटी हार मानल्यासारखे म्हणाले, "रिमांवर शाई सांडली तर छापखानेवाला मला धरेल."

"नाही सांडणार."

"बघू."

त्या सगळ्यात जास्त हातांच्या मागे लागल्या. पण डाव्या हाताची बोटं तारांवर अशी पळत की ब्रश टेकेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असत. सलग दोन रविवार कागद नुसता चिखल झाला. चहाच्या सुट्टीत पोस्टमन त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"तुम्ही हाताच्या मागे धावताय, ताई," तो म्हणाला. "माझ्या नोकरीतली गोष्ट सांगतो. एखादा माणूस कधी घरी सापडत नाही. त्याच्या मागे गावभर फिरलात तर चपला झिजतात. पण तो कधीतरी घरी येतोच. दारात उभं राहायचं. मास्तरांचा हात कितीही पळू दे, धून परत सुरू झाली की तो त्याच जागी येतो."

रेघाताई दारात उभ्या राहायला शिकल्या. धून पहिल्या ओळीवर परत येण्याची वाट पाहायची, हात त्या जागी आला की एक रेघ मारायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा आला की दुसरी. अशा दहा-बारा फेऱ्यांत एक हात कागदावर उभा राहायचा, आणि तो हात खरोखर वाजवत असायचा. ऑफिसची एक सवय मात्र त्यांनी सोडली नाही. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि कोणती धून ते बारीक अक्षरात लिहायच्या.

असे अकरा रविवार गेले. मग लायब्ररीच्या सभागृहात तिघांचा कार्यक्रम ठरला, दीड महिन्यांनी. लायब्ररीच्या बाईंनीच सुचवलं की रेघाताईंची चित्रंही तिथे भिंतीवर लावावीत. मास्तर म्हणाले, "आधी मला दाखवा."

बाराव्या रविवारी रेघाताईंनी ती सगळी रिमांवर मांडली. पोस्टमन स्वतःचे फुगलेले गाल पाहून खूश झाला. सिस्टर तेव्हा ड्यूटीवर होती, आली नव्हती. मास्तर एकेक चित्र पाहत पुढे आले आणि स्वतःच्या डाव्या हातापाशी थांबले. अलीकडच्याच रविवारचं चित्र होतं. तीन बोटं तारांवर होती. करंगळी मात्र त्या तिन्हींपासून फटकून बाहेर उभी होती, जराशी आकडलेली, तारेपासून चांगली अर्धा इंच लांब.

"हे बोट असं का काढलंय?"

"तसं दिसलं."

"तुम्हाला व्हायोलिन कळत नाही. या सुराला करंगळी तारेवर असते."

"मला व्हायोलिन कळत नाही हे खरंय," रेघाताई म्हणाल्या. "म्हणूनच जे दिसलं तेवढंच काढलं."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "पुसा ते."

"शाई पुसली जात नाही, मास्तर."

"मग नवीन काढा. बोट तारेवर घ्या. नाहीतर यातलं एकही चित्र माझ्या कार्यक्रमात लागणार नाही." व्हायोलिन पेटीत ठेवून ते निघाले. पेटीची कडी त्यांनी उजव्या हाताने लावली, आणि पेटी उचललीही उजव्याच हाताने.

घरी आल्यावर रेघाताईंनी झालं ते नणंदेला सांगितलं.

"अगं, एका बोटाचा तर प्रश्न आहे," नणंद म्हणाली. "घाल तारेवर. म्हाताऱ्याचं मन राहील, तुझी चित्रं लागतील. खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, हे तर परके."

रेघाताईंनी खरंच तसं करून पाहिलं. दुपारभर बसून त्याच चित्राची प्रत काढली आणि करंगळी तारेवर ठेवली. नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा दोन्ही चित्रं त्याच्यासमोर धरली. "काय फरक आहे?" त्याने विचारलं. त्याला काहीच दिसलं नाही. कुणालाच दिसलं नसतं.

पण आपली चूक तर झाली नाही ना, हे पाहायला त्यांनी डाव्या हाताची सगळी चित्रं पलंगावर तारखेप्रमाणे लावली. आणि तशाच उभ्या राहिल्या. पहिल्या रविवारी करंगळी तारेच्या अगदी जवळ होती. तिसऱ्या रविवारी थोडी लांब. पाचव्या, सहाव्या रविवारी आणखी. शेवटच्या तीन कागदांवर ती त्या हाताची राहिलीच नव्हती. आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग पहिल्या चित्रांत भरलेला होता, शेवटच्या चित्रांत तिथे त्यांनी नकळत सावली टाकली होती. तिथे खड्डा पडला होता.

"वन्सं, इकडे या," त्यांनी हाक मारली. "हे माझ्या हाताचं नाही. हे त्यांच्या हाताचं आहे."

नणंद आली, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेली. "अगं बाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण आपण कशाला मध्ये पडायचं?"

रेघाताई पलंगाच्या कडेवर बसल्या. "तुम्हाला एक सांगते. ऑफिसात मी नवी होते. एका शाळेच्या भिंतीजवळ नळ मोठ्या दगडाला वळसा घालून गेला होता. मुकादमाने मला ते सांगितलं होतं. साहेब म्हणाले, एवढंसं वळण कशाला, सरळ दाखवा, नकाशा स्वच्छ दिसतो. मी सरळ रेघ मारली. सहा वर्षांनी तिथे खोदकाम निघालं. नकाशात नळ नाही म्हणून एकाने तिथे पहार घातली. नळ फुटला, चर ढासळला, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चौकशीत माझं नाव कुठेच आलं नाही. तो अजून लंगडतो. बाजारात बटाटे विकतो. तो दिसला की मी रस्ता बदलते."

नणंद त्यांच्या शेजारी टेकली. "वीस वर्षांत हे मला कधी बोलली नाहीस."

"कुणालाच नाही बोलले."

"मग जा," नणंद म्हणाली. "पण त्यांच्या तोंडावर सांग, आणि एकट्याला. चारचौघांत नको."

दुसऱ्या दिवशी रेघाताई मास्तरांच्या घरी गेल्या. सुनेने दार उघडलं. आतल्या खोलीच्या दारातून मास्तर दिसत होते. ते शर्टाचं बटण लावत होते. बटण काजापाशी यायचं आणि निसटायचं. चौथ्या खेपेला त्यांनी मान वर केली आणि रेघाताईंना पाहिलं.

"काढून आणलंत नवीन?" ते कोरडेपणाने म्हणाले.

"नाही. जुनीच आणलीत. सगळी."

त्यांच्या विचारण्याची वाट न पाहता रेघाताईंनी अकराही कागद पलंगावर ओळीने मांडले आणि बाजूला उभ्या राहिल्या. मास्तरांनी तारखा वाचल्या. चित्रं पाहिली. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बाहेर सून भांडी ठेवत होती तेवढाच आवाज होता.

"तुम्हाला काय वाटलं, मला ठाऊक नाही?" शेवटी ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "वर्ष झालं. आधी मुंग्या यायच्या. आता त्या बोटाला चटका बसला तरी कळत नाही. करंगळीचे सूर येतात त्या धुना मी एकेक करून वगळत आलोय. पोस्टमनला वाटतं, मास्तरांना वयानुसार संथ चाली आवडायला लागल्या."

"मग डॉक्टरांकडे का नाही गेलात?"

"डॉक्टर म्हणेल, बंद करा."

"म्हणाला तर म्हणाला."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! तुम्ही आत्ता सुरू केलंय. मी सहा वर्षांचा असल्यापासून वाजवतोय."

खरंच होतं ते. रेघाताईंनी कागद गोळा केले, सारखे केले आणि म्हणाल्या, "मास्तर, मी उद्या दुपारी ही चित्रं सिस्टरना दाखवणार आहे. दवाखान्यात, त्यांच्या सुट्टीच्या वेळी, दोन वाजता. तुम्ही आलात तर तुमच्या देखत. नाही आलात तर तुमच्या माघारी. चोरून करत नाही, सांगून चाललेय."

"तुम्ही माझ्या कोण लागता?" मास्तर ओरडले. सून दारात आली.

"कोणी नाही," रेघाताई म्हणाल्या. "मी फक्त अकरा रविवार तुमच्याकडे बघितलंय."

त्या जिना उतरल्या. आपण एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात जाऊन धमकावलं, असं त्यांना वाटलं. रात्रभर तळमळल्या, पण सकाळी उठल्यावरही बेत तोच होता.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनलाच त्या दवाखान्यात पोचल्या. बाहेरच्या बाकावर मास्तर आधीच येऊन बसले होते. डावा कोपर उजव्या तळहातात धरला होता, शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं.

"उशीर केलात," ते म्हणाले.

सिस्टरने डबा अर्धा टाकून चित्रं पाहिली. तिचं हसणं थांबलं. तिने रेघाताईंच्या वहीतला एक कोरा कागद घेतला, मास्तरांना अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये सरळ धरायला सांगितला आणि दुसऱ्या बाजूने हलकेच ओढला. उजव्या हातातून कागद सुटला नाही. डाव्या हातातून तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघून आला.

"मास्तर," सिस्टर म्हणाली, "मी दर रविवारी तुमच्यापासून चार हातांवर बसते. मला दिसलं नाही. लाज वाटते मला."

"तू ठोकत असतेस, तुला काय दिसणार," मास्तर म्हणाले. पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही. तो त्यांनी तिच्याच हातात राहू दिला.

तिने त्याच दिवशी त्यांना हाडांच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. दोन दिवसांनी तपासण्या झाल्या. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस दाबली गेली होती. इतकी वर्षं कोपर वाकवून व्हायोलिन धरल्यामुळेही असेल, डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. ऑपरेशन करून नस मोकळी करायची. आणखी सहा महिने थांबलात तर स्नायू कायमचे जातील.

"वाजवता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"ऑपरेशन केलं नाही तर येणार नाही, हे नक्की. केलं तर बहुतेक येईल. किती, ते मी सांगत नाही."

"बहुतेक," मास्तर म्हणाले. "ठीक आहे. चाळीस वर्षांत याहून कमी भरवशावर मी मुलांना पास केलंय."

ऑपरेशन झालं. लायब्ररीचा कार्यक्रम पाच महिने पुढे ढकलला. पोस्टमनचं म्हणणं पडलं की तोवर रविवार बंद ठेवू. मास्तरांनी ऐकलं नाही. हात गळ्यात बांधून ते छापखान्याचा जिना चढले आणि खुर्चीवर बसून दोघांच्या चुका काढू लागले. हात सुटल्यावर व्यायाम सुरू झाले. रबराचा चेंडू दाबायचा. बोटं पसरायची, मिटायची. टेबलावर तळहात ठेवून करंगळी बाकीच्या बोटांकडे ओढायची, वीस वेळा, दिवसातून तीनदा. पहिले दोन महिने करंगळी जागची हलली नाही.

एका रविवारी रेघाताई पोस्टमनचं चित्र काढत होत्या. मास्तर गुरकावले, "त्याचं काय काढता? त्याचे गाल कुठे पळून जाणार नाहीत. इकडे या. हे काढा." आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला.

"खरं तसं काढीन," रेघाताई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कशाला बोलावतोय? मला रोज बघून काही कळत नाही. पुढे सरकतंय की नाही, ते मला कागदावर पाहिजे. तारीख घाला."

तेव्हापासून दर रविवारी आधी हाताचं चित्र व्हायचं, मग बाकीचं. दोन महिने चित्रं एकसारखी होती. मास्तर ती शेजारी शेजारी ठेवायचे, जीभ टाळ्याला लावून चक् करायचे आणि पुन्हा चेंडू उचलायचे. दहाव्या आठवड्यात रेघाताईंनी ब्रश थांबवला, कागद जवळ नेला, लांब नेला. "मास्तर, फट कमी आहे."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"तुमचा हात हलला असेल."

"माझा हात हलत नाही," रेघाताई म्हणाल्या.

सिस्टरने ड्रमवर एक जोरदार थाप मारली. मास्तरांनी तिला गप्प बसवलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी रेघाताई बाजारात गेल्या आणि बटाटेवाला समोर दिसल्यावर वळल्या नाहीत. गाड्यापाशी गेल्या, आपण कोण ते सांगितलं, रेघेचं सांगितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत होता. ते गिऱ्हाईक पैसे देऊन गेल्यावर त्याने मान वर केली.

"साहेबाने सांगितलं होतं ना सरळ काढायला?"

"हो. पण हात माझा होता."

"आता सांगून पाय काही सरळ होत नाही, बाई."

"नाही होत."

त्याने तागडीतला एक बटाटा उचलून परत ढिगावर टाकला. "बरं," तो म्हणाला. ते 'माफ केलं'चं बरं होतं की 'जा आता'चं, हे रेघाताईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून त्या त्याच रस्त्याने जाऊ लागल्या, आणि तो दिसला की मान हलवायच्या. कधी तो हलवायचा, कधी नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भिंतीवर चित्रं लावायची होती. लायब्ररीच्या बाईंनी कालवा, टेकडी, वखार वगैरे वेगळी काढली आणि हातांचा गठ्ठा हातात घेऊन मास्तरांकडे पाहिलं. "यातली कोणती लावू?"

"सगळी," मास्तर म्हणाले. "तारखेप्रमाणे. एकही गाळायचं नाही."

"पण लोक विचारतील..."

"विचारू द्या. मी शाळामास्तर आहे, मला उत्तरं द्यायची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नवरा ड्यूटी बदलून आला होता. नणंद पहिल्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "ही सगळी आमच्या घरातली हं. पलंगावर झोपायला जागा नसायची." रेघाताई बाजूच्या भिंतीला लागून स्टूल टाकून बसल्या होत्या, मांडीवर फळी, हातात ब्रश.

करंगळी पूर्ण बरी झाली नव्हती. ती तारेवर पोचत होती, पण दाब अजून हलका होता. मास्तरांनी निम्म्या जागा तिसऱ्या बोटाकडे दिल्या होत्या आणि निम्म्या हट्टाने करंगळीकडेच ठेवल्या होत्या. आणि धुना संथ नव्हत्या. पहिलीच अशी निवडली होती की पोस्टमनला दोनदा श्वास चोरावा लागला. तिसऱ्या धुनेत, मधल्या उंच वळणावर, करंगळीचा सूर खाली घसरला. ज्यांना कान होता त्यांना कळलं. सिस्टरने क्षणभर वर पाहिलं. मास्तर थांबले नाहीत, त्यांनी तोंडही वाकडं केलं नाही. धून फिरून त्याच वळणावर आली तेव्हा त्यांनी पुन्हा करंगळीच टाकली. पुन्हा सूर जरासा खाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी कोपर किंचित आत घेतला, आणि सूर लागला.

रेघाताई त्या वेळी हात काढत नव्हत्या. त्या तिघांना एकत्र काढत होत्या, पुढे झुकलेल्या लोकांच्या पाठींसकट, छताच्या पंख्यासकट. कागदावर काय उतरतंय हे पाहायला त्यांना सवड नव्हती. डोळे समोर होते आणि हात चालला होता. एकाही पाठीचा मध्य त्यांनी मोजला नाही. टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा अर्ध्या पाठी अजून राहिल्या होत्या, म्हणून त्या टाळ्या न वाजवता काढत राहिल्या. लोक उठून भिंतीकडे गेले. एक प्रौढ गृहस्थ हातांच्या चित्रांसमोर स्वतःचा तळहात धरून उभे होते आणि सिस्टर त्यांना दवाखान्याची वेळ सांगत होती.

मास्तर घाम पुसत रेघाताईंच्या मागे येऊन उभे राहिले. ओल्या कागदाकडे त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"यात मी फार लहान दिसतोय," ते म्हणाले.

"सभागृह मोठं होतं, मास्तर."

"हं." मग जरा वेळाने, "पुढच्या रविवारी नवीन धून घेतोय. अवघड आहे. दहाला या."

"येईन. पण आधीचे सहा दिवस माझे."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत माणसं उजाडल्याबरोबर कामाला लागतात आणि ऊन तापलं की दगडाचा रंग उडून जातो, असं रेघाताईंनी ऐकलं होतं. त्या सहाच्या बसने निघाल्या. नवऱ्यानेच ती बस चालवली, आणि खाणीच्या फाट्यावर उतरताना त्यांचं स्टूल खिडकीतून हातात दिलं.